आधी पोचणारी चौकट

चौकट पुन्हा आधी पोचली.

सदानंद कडेपूरकर, म्हणजे चित्रपटवाल्यांचे आप्पा, मागे खुर्ची असूनही मॉनिटरसमोर उभेच होते. समोरच्या सीनमध्ये एक तरुण बाई स्वयंपाकघरातली भांडी पोत्यात भरत होती. नवरा धरणावर इंजिनियर होता, तो गेला, आणि आता सरकारी क्वार्टर रिकामं करायचा हुकूम आलाय, असा प्रसंग. पातेल्यात पातेलं ठेवता ठेवता बाईची हनुवटी थरथरायला लागली. आता कॅमेरा नळाकडे न्यावा, असं आप्पांच्या मनात यायला आणि मॉनिटरवरची पिवळ्या रेघांची चौकट सरकत जाऊन नळावर बसायला एकच गाठ पडली. खरं सांगायचं तर चौकट किंचित आधीच पोचली होती.

"धाकट्या आप्पांनी नळ धरला बघा," मागून कुणीतरी पुटपुटलं आणि चारदोन जण खुदखुदले.

"थांबवा!" आप्पा कडाडले. "चहा आणा. नको, चहा नको. पुन्हा घेऊ. नाही, आत्ता नको." आणि ते तरातरा बाहेर पडले. पाटबंधारे खात्याच्या त्या ओस वसाहतीत दोन क्वार्टरांच्या मधल्या गवतातून येरझाऱ्या घालून घालून त्यांनी एव्हाना पायवाट पाडली होती.

आप्पांची शैली शाळकरी पोरांनाही ठाऊक होती. माणूस रडायला लागला, की आप्पांचा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबत नसे. तो हळूच वळे आणि काहीतरी साधंसुधं दाखवी. ठिबकणारा नळ, दोरीवरचा टॉवेल, खिडकीतून दिसणारं कुंपण. रडणं नुसतं ऐकू येई. 'दुधाची वेळ' या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात आई हुंदके देते आणि पडद्यावर फक्त उतू जाणारं दूध दिसतं. त्या एका शॉटवर लोकांनी हजार वेळा डोळे पुसले होते. समीक्षकांनी या सगळ्याला 'कडेपूरकरी संयम' असं भारदस्त नाव दिलं होतं आणि दोघातिघांनी त्यावर पीएचडीही उरकली होती. माणसाचं नाव झालं, की त्याच्या खोडीचंही बारसं होतं.

सेटवर मात्र फार काही घडत नसे. कॅमेऱ्यामागे इकबाल मुल्ला असायचा, आप्पांचा हात त्याच्या खांद्यावर असायचा, आणि नटाचा चेहरा मोडायला लागला की आप्पा त्या खांद्यावर हलकी थाप मारायचे. थाप पडली की इकबाल वळायचा. कुठे वळायचं ते हाताच्या कलावरून त्याला कळायचं. आयुष्यभर दोघांनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

'बदलीचा हुकूम' या आत्ताच्या चित्रपटात मात्र या दोघांत तिसरा आला. पासष्टी ओलांडलेल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाचा विमा उतरवायला आता कुणी धजत नव्हतं. मधेच म्हातारा आडवा झाला, तर पुढचं कोण करणार? त्यावर निघालेला तोडगा म्हणजे राहिलेलं काम आप्पांच्याच पद्धतीनं पुरं करू शकणारं हे यंत्र. ते बनवणाऱ्या कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. युनिटनं पहिल्याच दिवशी त्याचं 'धाकटे आप्पा' करून टाकलं.

यंत्र सांभाळायला कंपनीची ईश्वरी कुंभोजे नावाची इंजिनियर आली होती. पोरगी हुशार होती, मनानं सरळ होती आणि आप्पांचे सगळे चित्रपट तिला तोंडपाठ होते.

"त्याला कळत काहीच नाही हो आप्पा," तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. "ते फक्त पुढचं ओळखतं. आमचे आजोबा 'आमच्या वेळेला' म्हणाले, की पुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ असायचं, तसं. तुमचे सगळे चित्रपट, टाकून दिलेले सगळे टेक, कुठली लेन्स होती, कॅमेरा किती उंचीवर होता, सगळं त्याला दाखवलंय. समोर बाई आहे, हातात पातेलं आहे, हनुवटी हलली, बाजूला नळ आहे. अशा वेळी तुम्ही आजवर काय काय केलंत ते पडताळून ते प्रत्येक जागेला एक शक्यता देतं. जिथे शक्यता सगळ्यात जास्त, तिथे पिवळी चौकट."

आणि नुसती चौकट दाखवून धाकटे आप्पा थांबत नसत. त्या चौकटीत जे दिसलं असतं, ते नटाशिवाय, दिव्याशिवाय रंगवूनही देत. त्यातलं खरं कुठलं आणि रंगवलेलं कुठलं, हे इकबालसारख्याच्या नजरेलाही कळत नसे. रोज शूटिंग संपलं, की कॅमेऱ्यातली कार्डं यंत्रात रिकामी करायची, म्हणजे ते आणखी शिकेल, ही करारातली अट होती. आप्पांनी सही करताना ती वाचलीही नव्हती. नकल्याला कोण भितं, असं ते म्हणाले होते.

आता भीती वाटत होती. चौकट चुकली असती तर आप्पा पोट धरून हसले असते. ती चुकत नव्हती, हेच दुखणं होतं. हा आपला शेवटचा चित्रपट, हे त्यांना ठाऊक होतं. तो आपणच केला, असं मरताना म्हणता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तेवढंही हे पिवळं भूत म्हणू देत नव्हतं.

मग त्यांनी वाकडेपणा सुरू केला. चौकट नळावर गेली, की ते कॅमेरा छताकडे न्यायचे. चौकट खिडकीवर बसली, की ते नटीची पाठ घ्यायचे. सुरुवातीला चौकट खरोखरच गोंधळली, भलतीकडे जाऊन बसायला लागली. युनिटनं टाळ्या वाजवल्या, आप्पांनी सगळ्यांना जिलबी मागवली. जिलबीचा पाक हाताला चिकटलेला असतानाच पुढच्या शॉटला चौकट त्यांच्याआधी छतावर जाऊन बसली.

"सॉरी आप्पा," ईश्वरीचा चेहरा खरंच पडला होता. "तुम्ही उलट जाता, हे त्यानं ओळखलं. उलट जायचं तरी आधी सुलट कुठलं ते ठरलेलं लागतं ना. ते त्याला माहीतच आहे."

दाव्याला बांधलेली म्हैस उलटी फिरली, म्हणून दावं काही लांब होत नाही. आप्पांनी त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच सरकवून दिलं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये नलिनीबाई संकलन करत असत. आप्पांची बायको आणि त्यांच्या बहुतेक चित्रपटांची संकलक. पहिल्या दोन चित्रपटांत त्यांनी कामही केलं होतं. 'दुधाची वेळ'मधली आई त्याच. त्यानंतर मात्र त्या कॅमेऱ्यापुढे कधी उभ्या राहिल्या नाहीत. कुणी विचारलं, तर म्हणायच्या, "मला कापाकापी बरी जमते."

त्या दुपारी आप्पा तिकडे गेले, तेव्हा आतून बाईंचा आवाज येत होता.

"हे काय हो ईश्वरी? छत, पाठ, चप्पल, पुन्हा छत. म्हातारा वेडा झाला की काय? हे जोडू कशाला नि कसं?"

"ताई, तुम्हाला एक गंमत दाखवू का?" ईश्वरीला त्यांची कळी खुलवायची होती. "यंत्राला चौकटीच्या बाहेरचंही काढता येतं. म्हणजे आप्पांनी जिथून कॅमेरा वळवला, तिथे तो वळला नसता तर काय दिसलं असतं, ते. 'दुधाची वेळ'मधला दुधाचा शॉट मी करून बघितलाय. तुमचा चेहरा. जगात कुणीच पाहिलेला नाही."

आप्पा दारातच थबकले. आत जावं की मागे फिरावं, कळेना.

पडद्यावर तिशीतली नलिनी रडत होती. सुंदर रडत होती. दोन थेंब गालावरून ओघळले, ओठ जरासा थरथरला, पापण्या मिटल्या.

नलिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "ही कोण?"

"तुम्हीच ताई."

"मी अशी रडत नाही. ही कुठली तरी नटी आहे."

ईश्वरी ओशाळली. तिनं भराभर काहीतरी तपासलं. "हो, ताई. बरोबर आहे तुमचं. तुमचा रडतानाचा चेहरा त्याच्याकडे नाहीच. एकाही टेकमध्ये नाही, टाकून दिलेल्यातही नाही. चेहरा मोडायला लागला, की दर वेळी कॅमेरा वळलेलाच आहे. मग त्यानं हजारो दुसऱ्या नट्यांची रडणी घेऊन त्यातून एक बनवलं."

"बरोबर. त्यांनी जिकडे कधी बघितलंच नाही, ते तुमच्या यंत्राला कुठून दिसणार?" नलिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "आमचा केदार गेला होता ईश्वरी. पाच वर्षांचा होता. तापानं गेला. हे बाहेरगावी शूटिंगला होते, पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावा झाला आणि तारखा चुकतात म्हणून आम्ही पुन्हा सेटवर उभे राहिलो. तो शॉट त्या दिवशीचा आहे. मी रडत होते ती केदारसाठी, आणि यांनी कॅमेरा दुधाकडे फिरवला. तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, माझी लाज राखली. पण मग घरी आल्यावरही यांनी तेच केलं. मी रडायला लागले, की हे उठून खिडकीत जायचे. आजतागायत."

ईश्वरीनं हात लांबवून पडदा बंद केला. आप्पा दारातून मागच्या मागे परतले.

ते धरणाच्या भिंतीवरून चालत सुटले. बारा गावचं पाणी प्यालेला हा माणूस, कौतुक पचवलेला, टीका पचवलेला. पण आजचं हे पचेना. संयम! कसला बोडक्याचा संयम? घाबरट माणूस तोंड फिरवत राहिला आणि लोकांनी त्याला शाली पांघरल्या. पोराची चिता त्यांनी पाहिली नव्हती आणि बायकोचं रडणं तर इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आणि हे सांगायला एक यंत्र यावं लागलं.

मागून धापा टाकत इकबाल आला. "आप्पा, किती चालायचं म्हंतो मी? तिकडं लाईट जाया लागलीय."

"इकबाल, 'दुधाची वेळ'चा तो शॉट तुला आठवतो?"

इकबाल कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत राहिला. "खांदा चार दिवस ठणकत हुता माजा. त्या दिवशी तुमी थाप न्हाई मारलासा आप्पा. ढकललासा मला."

"आणि नलू?"

"वैनी? मी बघितलं की. वळायच्या आदी." इकबालनं टोपी काढून पुन्हा घातली. "तुमी न्हाई बघितलंसा. तुमी दुधाकडं बघत हुता."

त्याच संध्याकाळी आप्पांनी चित्रपटाचा शेवट बदलला. शेवटच्या प्रसंगात ती विधवा म्हातारपणी एकदा हे क्वार्टर बघायला परत येते आणि इतक्या वर्षांचं रडू तिला तिथे फुटतं. तरुण नटीला यंत्रानं म्हातारी करून घ्यायचं ठरलं होतं. आप्पा म्हणाले, मला खरी बाई पाहिजे.

"नलू, तू कर."

नलिनीबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय करणार? खिडकी दाखवणार?"

"नाही. तुझ्यावर थांबणार. शेवटपर्यंत. माझ्याकडून हे होईल, असं त्या यंत्राच्या स्वप्नातही येणार नाही."

"म्हणजे यंत्राला हरवायला मी पाहिजे," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढत म्हणाल्या, "करते. पण खोटं रडणार नाही. आलं तर येईल, नाही तर नाही."

शूटिंगच्या दिवशी आप्पा नवशिक्यासारखे भिरभिरत होते. ओट्यावर तिरपं ऊन हवं होतं, ते दुपार कलल्यावर थोडाच वेळ मिळणार होतं. नलिनीबाई साधं सुती लुगडं नेसून बाजूला बसल्या होत्या. ईश्वरीनं आप्पांना कोपऱ्यात गाठलं.

"आप्पा, तुम्हाला सांगायलाच हवं. आजचं कार्ड यंत्रात गेलं, की ताईंचा तो चेहरा त्याच्याकडे येईल. पहिल्यांदाच. कंपनी फार खूश आहे. त्यांना 'दुधाची वेळ' नव्यानं काढायचाय, चेहऱ्यासकट. आणि पुढे दुसऱ्या चित्रपटांतही वापरतील. कराराप्रमाणे त्यांना वापरता येतं."

"बघू नंतर," आप्पा म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं, पण उन्हाकडे लक्ष होतं. आयुष्यातला सगळ्यात मोठा शॉट हाताशी आलेला असताना नंतरचं कोण बघतं!

कॅमेरा सुरू झाला. नलिनीबाई दारातून आत आल्या. ओट्यावरून त्यांनी हात फिरवला. संवाद लिहिलेलेच नव्हते. सुचेल ते बोल, असं आप्पांनी सांगितलं होतं.

"इथं बसायचा," त्या ओट्याला सांगावं तसं बोलल्या. "चटका बसेल, खाली उतर म्हटलं, की पाय पोटाशी घ्यायचा आणि म्हणायचा, आता मी छोटा झालो, आता नाही बसणार."

युनिटला वाटलं, बाईंनी काय सुरेख वाक्य रचलं. आप्पांना माहीत होतं, की हे रचलेलं नाही. बाईंचा खालचा ओठ वाकडा झाला, मान एकीकडे कलली. मॉनिटरवर पिवळी चौकट सरसरत निघाली आणि खिडकीवर जाऊन बसली. आप्पांचा हात इकबालच्या खांद्यावर होता. तो वळवळला, जड झाला, पण थाप पडली नाही. इकबालही जागचा हलला नाही. कॅमेरा चेहऱ्यावर होता आणि चौकट तिकडे खिडकीवर एकटीच बसली होती. आप्पांच्या अंगावर आनंदाचा काटा आला. चुकली! पहिल्यांदाच सपशेल चुकली! जिंकलो आपण!

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण केव्हापासून त्या चौकटीकडेच बघतोय.

समोर चार हातांवर नलू रडत होती, आणि ते मॉनिटरच्या काचेत खिडकीवरची पिवळी रेघ बघून खूश होत होते. दूध नाही, तर रेघ. संध्याकाळी हे रडणं कार्डातून यंत्रात जाणार, आणि उद्या कुठल्या तरी सिनेमातली कुठली तरी बाई केदारच्या आईचं रडू रडणार. सगळं जग बघणार. ज्यानं बघायला हवं होतं, त्यानंच तेवढं बघितलेलं नसणार.

आप्पा पुढे झाले आणि त्यांनी तळहात लेन्सवर ठेवला.

"आप्पा, काय केलंत!" ईश्वरी किंचाळली. "शॉट गेला! आता हे ऊन पुन्हा मिळायचं नाही, उद्या क्वार्टरचा ताबा द्यायचाय!"

"गेला तर जाऊ दे. शेवट तुझ्या धाकट्या आप्पांना करू दे. खिडकीवर जा म्हणावं. त्यांना येतं ते."

"पण हा तुमचा शेवटचा..."

"माहीत आहे मला. बाहेर व्हा सगळे."

लोक एकमेकांकडे बघत बाहेर पडले. इकबाल कॅमेऱ्याशी खुडबुडत सगळ्यांत मागे राहिला. ईश्वरीनं कार्डासाठी हात पुढे केला, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "कार्ड खराब झालं वाटतं बाई. कायबी उठलं न्हाई त्यावर. चीनचा माल, काय भरवसा?" ईश्वरीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं हात मागे घेतला आणि "होतं असं कधी कधी," म्हणून ती निघून गेली. इकबालनं जाताना दार ओढून घेतलं.

नलिनीबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे संतापानं पेटले होते. "फिरवलात ना शेवटी? मला वाटलंच होतं. आजसुद्धा नाही जमलं तुम्हाला."

"नलू, कॅमेरा नको होता मला मध्ये." आप्पांनी भांड्यांचं पोतं ओढलं आणि ते त्यांच्यासमोर त्यावर बसले. आतली पातेली खणखणली. "त्या रात्री काय झालं, ते मी कधी विचारलं नाही तुला."

"नाही विचारलंत."

"आता विचारतो."

"आता कशाला? इतक्या वर्षांनी?"

"भीती वाटायची मला, तुझ्या तोंडाकडे बघायची. तू मला विचारशील, कुठे होतात म्हणून. अजून वाटते. पण सांग."

नलिनीबाई खाली फरशीवर बसल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ताप कसा चढला, डॉक्टर कसे यायचेच राहिले, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कशा तव्यासारख्या तापायच्या. केदार तुमचं नाव घेत होता. मी त्याला खोटंच सांगितलं, की आप्पा जिन्यात आलेत, बूट काढतायत. तो दाराकडे बघत राहिला.

इथे त्यांना रडू फुटलं. ते देखणं नव्हतं. तोंड वेडंवाकडं झालं, नाक वाहायला लागलं, घशातून गुरासारखा आवाज निघाला. कुठल्याच चित्रपटात हे रडणं कुणी ठेवलं नसतं. आप्पांची नजर सवयीनं खिडकीकडे गेली.

"इकडे," नलिनीबाई म्हणाल्या.

आप्पांनी नजर परत आणली. ती फार जड होती, तरी आणली आणि ठेवली. नलू इतकी म्हातारी झालीय, हेही त्यांनी आजच पाहिलं.

"पुढे सांग," ते म्हणाले. "दाराकडे बघत राहिला, मग?"

त्या सांगत राहिल्या. बाहेर दिवेवाल्यांनी वायरी गुंडाळल्या, गाड्या सुरू झाल्या, कुणीतरी दारावर टकटक करून गेलं. ओट्यावरचं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून आढ्याला गेलं. जन्मभर उजेड गेला की सगळं आवरून निघणारा तो माणूस अंधार पडला तरी उठला नाही.